अ‍ॅट्रोपिनने लाळ थांबते, पण मान का उचलत नाही

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा झालेला रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा तोंडाला फेस असतो, अंगाला घामाच्या धारा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि छातीत घरघर. अ‍ॅट्रोपिन हे औषध सुरू होतं. डोस पुरेसा असेल तर थोड्या वेळात छाती मोकळी होते, लाळ आटते. नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. पण मांडीचे आणि छातीचे स्नायू तसेच थरथरत राहतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कधी कधी रुग्णाला उशीवरून डोकंही उचलता येत नाही. पाठोपाठ श्वास कमी पडू लागतो. विष एकच, शरीरात साचलेलं रसायनही एकच, औषध भरपूर दिलेलं. मग अर्धं शरीर त्या औषधाला दाद देतं आणि अर्धं का देत नाही?

साचलेलं रसायन आहे अ‍ॅसिटिलकोलीन. चेतापेशीचं टोक आणि पुढची पेशी यांच्यामधल्या फटीत, म्हणजे सिनॅप्समध्ये, निरोप पोचवणाऱ्या रसायनांपैकी हे एक. निरोप पोचला की अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ते लगेच तोडून टाकतं. कीटकनाशक या एन्झाइमलाच जखडतं. म्हणून अ‍ॅसिटिलकोलीन फटीत साचत जातं. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढचा घोळ समजायचा तर लक्ष रसायनावरून हलवून ते ज्याला जाऊन चिकटतं त्या प्रथिनाकडे, रिसेप्टरकडे न्यावं लागतं. शाळेची घंटा एकच वाजते. मुलं मैदानाकडे धावतात आणि शिपाई फळा पुसायला वर्गात शिरतो. घंटेत ‘धाव’ किंवा ‘पूस’ असं काही नसतं. ते ऐकणाऱ्यावर ठरतं.

दोन बेडूक, एक मशरूम आणि तंबाखू

1921 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ऑटो लोवी यांनी बेडकांची दोन हृदयं खारट द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाच्या व्हेगस नसेला, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या नसेला, विजेचे झटके दिले, त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्या भोवतालचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं, आणि त्याच्या नसेला तर कुणी हातही लावला नव्हता. नस रसायन सोडते हे त्यातून सिद्ध झालं. ते रसायन पुढे अ‍ॅसिटिलकोलीन ठरलं.

त्याआधी 1914 मध्ये लंडनमध्ये हेन्री डेल यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवून ठेवली होती. अ‍ॅसिटिलकोलीनचे काही परिणाम मस्करीनसारखे होतात, आणि मस्करीन हे एका विषारी मशरूममधलं द्रव्य. उरलेले परिणाम तंबाखूतल्या निकोटीनसारखे होतात. मस्करीनसारखे परिणाम अ‍ॅट्रोपिनने पुसले जातात, निकोटीनसारखे पुसले जात नाहीत. लोवी आणि डेल यांना 1936 चं नोबेल मिळालं. आपल्या रुग्णाचं कोडं डेल यांच्या या निरीक्षणातच अर्धं सुटलेलं आहे: अ‍ॅसिटिलकोलीनचे रिसेप्टर दोन कुळांतले आहेत, आणि अ‍ॅट्रोपिन त्यातल्या एकाच कुळाला ओळखतं.

जलद कूळ: रिसेप्टर म्हणजेच दार

हात-पाय, मान आणि श्वासपटल यांच्या स्नायूंवर निकोटिनिक रिसेप्टर असतात. पाच प्रथिनं गोलाकार उभी राहून मध्ये एक नळी तयार होते. प्रौढ माणसाच्या स्नायूत त्यांपैकी दोन अल्फा, आणि बीटा, डेल्टा, एप्सिलॉन प्रत्येकी एक. अ‍ॅसिटिलकोलीनचे दोन रेणू आपापल्या जागी बसले की नळी उघडते, साधारण एक मिलिसेकंद उघडी राहते आणि मिटते. एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी 1976 मध्ये बेडकाच्या स्नायूवर काचेच्या अतिसूक्ष्म नळीचं टोक टेकवून अशा एकाच दाराचा प्रवाह मोजला. 1991 चं नोबेल त्यांना या तंत्रासाठी मिळालं. हा प्रवाह काही पिकोअ‍ॅम्पिअरचा असतो. 3 पिकोअ‍ॅम्पिअर एक मिलिसेकंद वाहिला असं धरून हिशेब केला, तर एका उघडझापेत जवळपास 20 हजार आयन आत जातात.

हे दार सोडियम आणि पोटॅशियम दोघांनाही वाट देतं. स्नायुपेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे उणे 90 मिलिव्होल्ट असते. त्या व्होल्टेजला सोडियमची आत येण्याची ओढ पोटॅशियमच्या बाहेर जाण्याच्या ओढीपेक्षा खूप मोठी असते. म्हणून दार उघडलं की व्होल्टेज शून्याच्या दिशेने चढतं, वाटेत स्नायूचा उंबरठा ओलांडला जातो आणि स्नायू आकुंचन पावतो. या रिसेप्टरचा अर्थ नेहमी ‘हो, उत्तेजित हो’ असाच निघतो, कारण दाराची आयन निवडण्याची सवय ठरलेली आहे.

चेतातंतूच्या टोकात अ‍ॅसिटिलकोलीन सुटं नसतं, पुड्या बांधून ठेवलेलं असतं. एका पुडीत काही हजार रेणू. पॉल फॅट आणि बर्नार्ड काट्झ यांनी 1952 मध्ये दाखवलं की नस शांत असतानाही स्नायूवर अधूनमधून अर्ध्या-एक मिलिव्होल्टचे इवले ठोके उमटतात; तो एकेक पुडी फुटल्याचा ठोका. नसेतून झटका आला की त्या टोकात कॅल्शियम शिरतं आणि बऱ्याच पुड्या एकदम फुटतात. सुदृढ स्नायूत गरजेपेक्षा बराच जास्त परिणाम साधला जातो, त्यामुळे सहसा निरोप हुकत नाही. ही शिल्लक लक्षात ठेवा. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे निकोटिनिक रिसेप्टर घटतात, म्हणजे नेमकी हीच शिल्लक संपते. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी पापण्या उघड्या ठेवू शकत नाही, कारण वारंवार वापरात प्रत्येक झटक्याला फुटणाऱ्या पुड्या थोड्या कमी होतात. निरोगी माणसाला ती घट जाणवतही नाही, पण मायस्थेनियाच्या रुग्णाला ती पेलत नाही.

दार उघडणं जितकं महत्त्वाचं, तितकंच मिटणं. अ‍ॅसिटिलकोलीन तोडलं गेलं नाही तर सुरुवातीला स्नायू पुन्हा पुन्हा उडतो, आणि तीच आपल्याला दिसणारी थरथर. पण व्होल्टेज वरच अडकून राहिलं की स्नायूतली सोडियमची व्होल्टेजवर चालणारी वेगळी दारं निष्क्रिय होतात, आणि ती पुन्हा सज्ज व्हायला व्होल्टेज खाली यावंच लागतं. शिवाय सतत रसायनात बुडालेला रिसेप्टर स्वतःही बधिर होतो: रेणू चिकटलेला, पण दार बंद. म्हणून अति उत्तेजनाचा शेवट लुळेपणात होतो. हे अनेकांना उलटं वाटतं, पण स्नायूच्या बाजूने पाहिलं तर त्यात काहीच विरोधाभास नाही.

संथ कूळ: रिसेप्टर म्हणजे फक्त घंटेचं बटण

लाळग्रंथी, श्वासनलिका, हृदय, आतडी आणि डोळ्याची बाहुली यांच्यावर मस्करिनिक रिसेप्टर असतात. यांच्यात दार नसतंच. एकच लांब प्रथिन पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर शिवण घातल्यासारखं गेलेलं असतं. बाहेर रेणू बसला की त्याचा आकार बदलतो आणि आतल्या बाजूला टेकलेलं जी-प्रोटीन जागं होतं. पुढचं सगळं काम त्या जी-प्रोटीनच्या जातीवर अवलंबून.

हृदयाचा ठोका जिथून सुरू होतो तिथे मस्करिनिक रिसेप्टरचा एम-2 हा प्रकार आहे. त्याचं जी-प्रोटीन दोन तुकड्यांत विभागतं आणि एक तुकडा आवरणाच्या आतूनच सरकत जवळच्या पोटॅशियमच्या दाराला उघडतो. पोटॅशियम बाहेर गेलं, पेशी अधिक उणे झाली, पुढचा ठोका लांबला. लोवींच्या बेडकाचं हृदय मंदावलं ते यामुळे. स्नायूवर जे रसायन ‘आखड’ म्हणतं तेच हृदयाला ‘थांब जरा’ म्हणतं, कारण एका ठिकाणी सोडियम आत येतं आणि दुसऱ्या ठिकाणी पोटॅशियम बाहेर जातं. वेळेतही फरक पडतो. स्नायूवर काम एका मिलिसेकंदाच्या आसपास सुरू होतं. हृदयावर मधल्या पायऱ्यांमुळे दहापटींनी, अनेकदा शंभरपटीने उशीर लागतो आणि परिणाम रेंगाळतो.

लाळग्रंथी आणि श्वासनलिकेवर एम-3 काम करतो. त्याचं जी-प्रोटीन, जीक्यू, फॉस्फोलायपेज सी या एन्झाइमला चालना देतं. ते आवरणातल्या एका स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करतं. त्यातला आयपी-3 नावाचा तुकडा पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळं करतो. ग्रंथीत कॅल्शियम वाढलं की लाळ सुटते. श्वासनलिकेच्या स्नायूत वाढलं की नळी आवळते. या साखळीत प्रत्येक पायरीला आकडा वाढत जातो, कारण एक रिसेप्टर अनेक जी-प्रोटीन जागी करतो आणि जागं झालेलं प्रत्येक एन्झाइम पुष्कळ रेणू तोडतं. म्हणून संथ कूळ दुबळं समजू नये.

आणि रिसेप्टरसुद्धा शेवटचा शब्द नसतो, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 मध्ये सशाच्या महाधमनीवर दाखवलं. अ‍ॅसिटिलकोलीन टाकल्यावर धमनीची कडी सैल पडायची. तिच्या आतलं एका पेशीच्या जाडीचं अस्तर खरवडून काढलं, की तीच कडी त्याच रसायनाने आवळायची. अस्तराच्या पेशींतही मस्करिनिक रिसेप्टरमुळे कॅल्शियमच वाढतं, पण तिथे ते नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम चालू करतं. हा वायू शेजारच्या स्नायूत झिरपतो आणि त्याला सैल करतो. अस्तर गेलं की स्नायूला थेट रसायन मिळतं आणि कॅल्शियम त्याला आवळतं. त्या नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला 1998 मध्ये नोबेल मिळालं. औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकच प्रयोग मनात कोरून ठेवायचा असेल तर तो हा असावा: रसायन तेच, कॅल्शियमही तेच, फक्त ते कोणत्या पेशीत वाढलं एवढाच फरक.

पुन्हा त्या रुग्णाकडे

आता कोडं सुटतं. अ‍ॅट्रोपिन मस्करिनिक रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि अ‍ॅसिटिलकोलीनला जागा देत नाही. लाळ, घाम, छातीतलं पाणी, मंद नाडी हे सगळं आटोक्यात येतं. निकोटिनिक दारांशी त्याचा संबंधच नाही, म्हणून थरथर आणि लुळेपणा त्याच्या कितीही डोसने जात नाही.

डोस कसा ठरवायचा हेही रिसेप्टरवरूनच कळतं. अ‍ॅट्रोपिन आणि अ‍ॅसिटिलकोलीन यांची एकाच जागेसाठी चुरस असते आणि अ‍ॅसिटिलकोलीन अफाट साचलेलं असतं, म्हणून नेहमीचा एका कुपीचा डोस पुरत नाही. आपल्याकडे मिळणारी कुपी बहुधा 0.6 मिलिग्रॅमची असते. प्रौढाला सुरुवातीलाच 3 ते 5 कुप्या, म्हणजे 1.8 ते 3 मिलिग्रॅम, शिरेतून देतात. पाच मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर तशीच असेल तर आधीपेक्षा दुप्पट. छाती कोरडी, नाडी 80 च्या वर, वरचा रक्तदाब 80 च्या वर, एवढं साधलं की दुप्पट करणं थांबवायचं आणि सलाइनमधून धिम्या गतीने चालू ठेवायचं. नुसत्या बाहुल्या पाहून डोस वाढवत नेणं ही नेहमीची चूक. त्याने रुग्ण तापतो, बरळतो, आतडी गप्प पडतात.

दुसरी चूक उलट्या दिशेची. काही रुग्णांची नाडी येतानाच जलद असते, आणि ती पाहून अ‍ॅट्रोपिन द्यायला हात धजावत नाही. पण ती जलद नाडी वेगळ्या ठिकाणाहून आलेली असते: शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या सिंपथेटिक नसांच्या मधल्या थांब्यांवर, गॅंग्लियांमध्ये, निकोटिनिक रिसेप्टर असतात, तिथे साचलेलं अ‍ॅसिटिलकोलीन पुढे अ‍ॅड्रेनालिनचा मारा घडवून आणतं. छाती भरलेली असेल तर जलद नाडीतही अ‍ॅट्रोपिन लागतंच.

निकोटिनिक बाजू वाचवायची तर एन्झाइमच सोडवावं लागतं. त्यासाठी प्रॅलिडॉक्झिम दिलं जातं. ते एन्झाइमला चिकटलेला फॉस्फेटचा तुकडा ओढून काढतं. अडचण अशी की तो तुकडा काही काळाने आणखी पक्का बसतो आणि मग सुटत नाही. डायमिथिल जातीच्या कीटकनाशकांत हे झपाट्याने होतं, निम्मं एन्झाइम पावणेचार तासांच्या आसपास हातचं जातं. डायइथिल जातीत निम्मं जायला साधारण 33 तास लागतात. म्हणून रिकामी बाटली किंवा डबा दवाखान्यात सोबत नेणं फार मोलाचं. मात्र बाटलीवरून वेळेचा अंदाज येतो, यशाची हमी मिळत नाही. प्रॅलिडॉक्झिमने प्राण किती वाचतात याबद्दल झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळलेले नाहीत.

भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आली तर सक्सामेथोनियम टाळतात. ते औषध निकोटिनिक दारं उघडी धरूनच स्नायू सैल करतं, आणि त्याला तोडणारं रक्तातलं एन्झाइमही कीटकनाशकाने बंद पाडलेलं असतं. काही मिनिटांचा लुळेपणा तासांवर जातो.

आणि मान. विषबाधेनंतर 24 ते 96 तासांत, घाम-लाळ थांबून रुग्ण शुद्धीवर असताना, मानेचा आणि श्वासाचा जोर अचानक जाऊ शकतो. दर काही तासांनी ‘उशीवरून डोकं उचला बघू’ एवढं सांगून पाहणं ही बिनखर्चाची आणि फार कामाची तपासणी आहे. डोकं उचलेनासं झालं तर व्हेंटिलेटर जवळ हवा.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दवाखान्यात पोचले आणि वीसहून अधिक दगावले. फवारणीत विष बहुतेक वेळा पोटातून जात नाही. ते कातडीतून, भिजलेल्या सदऱ्यातून, वाऱ्याच्या उलट दिशेने तोंडावर आलेल्या तुषारांतून जातं. म्हणून अ‍ॅट्रोपिन चालू असतानाच कपडे काढून अंग, केस, नखं साबणाने धुणं आवश्यक आहे. ओला सदरा अंगावर ठेवून दिलेलं औषध म्हणजे नळ चालू ठेवून पाणी उपसणं.

नाग आणि मण्यार: फट एकच, बिघाड दोन

नाग चावला किंवा मण्यार, पापण्या जड होतात, दोन-दोन दिसतं, गिळता येत नाही, शेवटी श्वास बंद पडतो. बाहेरून चित्र सारखं दिसतं. नागाच्या विषातले लहान प्रथिन-रेणू स्नायूवरच्या निकोटिनिक रिसेप्टरवर बसतात आणि दार अडवतात. मण्यारीच्या विषात याखेरीज असं एन्झाइम असतं जे फटीच्या अलीकडच्या बाजूला, चेतातंतूच्या टोकालाच, पोखरतं. आधी पुड्या संपतात, मग टोकच उद्ध्वस्त होतं.

उपचार इथेच वेगळे होतात. नागदंशात निओस्टिग्मिनने फरक पडू शकतो. हे औषध काम कीटकनाशकाचंच करतं, अ‍ॅसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम रोखतं, पण मोजून आणि तात्पुरतं. अ‍ॅसिटिलकोलीन वाढलं की ते विषाशी जागेसाठी झगडू शकतं. त्याआधी 0.6 मिलिग्रॅम अ‍ॅट्रोपिन देतात; का, ते आता सांगायला नको, वाढलेलं अ‍ॅसिटिलकोलीन मस्करिनिक रिसेप्टरवरही जाणार असतं. मण्यारीच्या दंशात निओस्टिग्मिनचा सहसा उपयोग होत नाही, कारण वाचवायला फटीत अ‍ॅसिटिलकोलीनच येत नाही. प्रतिसर्पविष रक्तातलं मोकळं विष निकामी करतं, पण उद्ध्वस्त झालेलं टोक परत आणू शकत नाही. ते टोक पुन्हा वाढावं लागतं आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर व्हेंटिलेटर हाच खरा उपचार. रुग्ण हलत नाही, बाहुल्याही प्रतिसाद देत नाहीत, म्हणून मेंदू मेला असं समजून घाई करू नये. तो आतून सगळं ऐकत असू शकतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि जखम दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या उघडत नाहीत, अशी तक्रार आली की हे आधी मनात यावं.

महाडचा धडा

लाल विंचवाचं विष रिसेप्टरला हात लावत नाही. ते चेतातंतूतली सोडियमची दारं नीट मिटू देत नाही, त्यामुळे स्वयंचलित नसांची टोकं रसायनं ओतत सुटतात. सुरुवातीला अ‍ॅसिटिलकोलीनचे परिणाम: उलटी, घाम, लाळ. मग नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि अ‍ॅड्रेनालिनचा लोट. ती रक्तवाहिन्यांच्या अल्फा-1 रिसेप्टरवर बसतात, आणि तिथेही जीक्यू, आयपी-3 आणि कॅल्शियम हीच साखळी, लाळग्रंथीत होती तीच. फक्त इथे कॅल्शियम वाहिनी आवळतं. हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब वर, हृदयावर असह्य भार, फुप्फुसात पाणी, गुलाबी फेस. कोकणात यात किती मुलं गेली असतील.

महाडला डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी या रुग्णांवर प्राझोसिन वापरायला सुरुवात केली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, तोंडाने घ्यायचं औषध आहे. ते अल्फा-1 रिसेप्टर अडवतं. डोस वजनाच्या दर किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिल्या डोसनंतर रुग्णाला आडवंच ठेवायचं. मुलाला कडेवर उचललं तरी रक्तदाब एकदम घसरू शकतो. नाडी जलद आहे म्हणून बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती मंदावणारं औषध, देण्याचा मोह घातक ठरतो: हृदयाचा जोर कमी होतो आणि अल्फा-1 मात्र मोकाट राहतो. गोळी काही रुपयांची. कोणता रिसेप्टर अडवायचा हे कळणं महत्त्वाचं होतं.

मेंदूत दारांनाही अटी असतात

मेंदूतलं मुख्य उत्तेजक रसायन ग्लुटामेट. त्याचा अ‍ॅम्पा रिसेप्टर स्नायूवरच्या दारासारखाच, रेणू बसला की उघडतो. शेजारचा एनएमडीए रिसेप्टर हट्टी आहे. ग्लुटामेट बसलं, सोबत ग्लायसीन किंवा सेरीन बसलं, तरी नळीत मॅग्नेशियमचा एक आयन बुचासारखा अडकलेला असतो. पेशीचं व्होल्टेज आधीच वर चढलेलं असेल तरच तो बाहेर फेकला जातो. म्हणजे निरोप आलाय आणि ऐकणारी पेशी आधीच जागी आहे, या दोन गोष्टी एकदम जुळल्या तरच हे दार उघडतं, आणि मग कॅल्शियम आत येतं.

ते किती आणि कसं येतं यावर पुढचं ठरतं. थोडक्या वेळात भरपूर आलं तर सीएएमके-2 हे एन्झाइम जागं होतं, फटीसमोर जास्त अ‍ॅम्पा रिसेप्टर आणून बसवले जातात आणि तो सिनॅप्स बळकट होतो. तेच कॅल्शियम हळूहळू, थोडं थोडं येत राहिलं तर कमी कॅल्शियमवरही चालणारं कॅल्सिन्युरिन हे दुसरं एन्झाइम पुढे सरसावतं, अ‍ॅम्पा रिसेप्टर काढून घेतले जातात आणि सिनॅप्स दुबळा होतो. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटतो तेव्हा ग्लुटामेट फटीत साचतं, कॅल्शियम बेसुमार शिरतं आणि पेशी मरते.

मेंदूला लगाम घालणारं मुख्य रसायन गाबा. त्याचा गाबा-ए रिसेप्टर क्लोराइडचं दार आहे. पण क्लोराइड कुठल्या दिशेला जाणार हे दार ठरवत नाही. बाहेर 130 आणि आत 7 मिलिमोल असेल तर समतोल सुमारे उणे 78 मिलिव्होल्टला येतो. पेशी उणे 65 ला बसलेली असते, म्हणून दार उघडताच ती आणखी खाली जाते, गप्प होते. आत 25 मिलिमोल असेल तर समतोल उणे 44 ला, आणि तेच दार पेशीला वर ढकलतं. नवजात उंदरांच्या मेंदूत नेमकं हेच दिसतं, कारण क्लोराइड बाहेर फेकणारा केसीसी-2 हा पंप तोवर पुरेसा तयार झालेला नसतो.

आकडी थांबवायला डायझेपाम किंवा मिडॅझोलम देतात ते याच दारासाठी. ही औषधं स्वतः दार उघडत नाहीत. गाबा बसलेलं असेल तर ते अधिक वेळा उघडायला मदत करतात. म्हणून एकटं डायझेपाम तुलनेने सुरक्षित राहतं. बार्बिच्युरेट मोठ्या डोसला गाबा नसतानाही दार उघडतात, तिथे श्वास थांबण्याचा धोका खूप वाढतो.

पण डायझेपामला दार जागेवर सापडावं लागतं. आकडी चालूच राहिली तर पेशी गाबा-ए रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेतात आणि एनएमडीए रिसेप्टर बाहेर आणून बसवतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अर्ध्या-एक तासात हा बदल दिसतो. पहिल्या काही मिनिटांत ज्या डोसने आकडी थांबली असती तोच डोस तासाभराने पुरत नाही; मग दुसरी औषधं चढवावी लागतात, आणि हट्टी आकडीत एनएमडीएचं दार अडवणारं केटामिनही वापरलं जातं. कीटकनाशकाच्या विषबाधेत येणाऱ्या आकडीलाही हेच लागू. म्हणून पाच मिनिटांत न थांबलेल्या आकडीला आणीबाणी मानतात. घरात आकडीचा रुग्ण असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडॅझोलमचा नाकात मारायचा फवारा कपाटात कुलपाआड ठेवू नका. तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या, आणि फवारा मारल्या मारल्या 108 ला फोन करा.